२६ जानेवारीला रानात चूल पेटते का तुमच्याकडं? (सातारा-सांगली)

शिवारफेरी (तासगाव)

नमस्कार मंडळी,

दिवाळीला फराळ, बेंदराला पुरणपोळी, संक्रांतीला गुळाची पोळी हे कुणाला विचारावं लागत नाही. २६ जानेवारीला काय करायचं हे मात्र कुठल्या आजीनं सांगून ठेवलेलं नसतं. तरीही तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यात त्या दिवशी झेंडावंदन आणि ग्रामसभा उरकली की माणसं रानाकडं वळतात, आणि बारा वाजेपर्यंत बांधाबांधावर धूर दिसायला लागतो.

याचं कारण मला पिकांत सापडतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या शिवारात जेवढं खाण्याजोगं उभं असतं तेवढं वर्षात पुन्हा कधी नसतं. उशिरा पेरलेला शाळू (रब्बी ज्वारी) हुरड्यात, म्हणजे भाजून खायच्या कोवळ्या दाण्यात, हरभऱ्याचे घाटे भरलेले, कृष्णाकाठची वांगी लगडलेली, ऊस तोडणीला, गुऱ्हाळं चालू, द्राक्षात साखर उतरायला लागलेली. १५ ऑगस्टला रानात चिखल असतो, वर बहुतेक वर्षी श्रावण. १ मे रोजी उन्हानं बांधावर पाय ठरत नाही. रानात चूल पेटावी असा राष्ट्रीय सण आपल्याकडं हा एकच.

आणि या जेवणाला सोवळं नाही, मानपान नाही. नैवेद्य दाखवायचा नसतो, त्यामुळं आधी कोण आणि मागून कोण हा प्रश्नच येत नाही. एकाचं रान, दुसऱ्याची शेणकुटं, तिसऱ्याच्या घरचं दही. एरवी ज्यांच्या पंगती वेगळ्या बसतात तीही माणसं या आगटीभोवती (खड्ड्यात पेटवलेल्या शेणकुटांभोवती) एकत्र बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवावं असं फार वाटतं. हल्ली हुरड्याची तिकिटं निघतात, त्यात पावभाजीही असते. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात याचा आनंदच आहे, पण आपल्या पोरांना हे जेवण फक्त विकत घ्यायची गोष्ट वाटू नये.

आमच्याकडची सुरुवात भरतानं. वांगी देठासकट घ्यायची, तेलाचा हात लावायचा नाही. शेणकुटांचा जाळ संपून लाल आर (निखारे) राहिला की त्यात वांगी पुरायची आणि मधून मधून देठाला धरून फिरवायची. सोबत हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा तिथंच भाजायचा. सालं काढताना पाण्याखाली धरू नका, धुराचा वास तिथंच निघून जातो. हात ओला करून काढा. मग परातीत ओला कांदा पातीसकट, भाजलेला लसूण, मिरची, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल. फोडणी घालायची नाही. तव्यावर मिरच्या, लसूण, मीठ टाकून तांब्याच्या बुडानं रगडलेला खर्डा वेगळा. ज्वारीची भाकरी. एवढंच.

तुमच्या गावात काय होतं ते सांगा. कृतीसकट सांगा.

माणदेशी शाळू (दहिवडीजवळ)

शिवारफेरी, वांग्याचं बरोबर, पण माण-खटावात २६ जानेवारी म्हणजे हुरडाच. आमच्याकडं पाण्याचं पीक कमी, शाळूचं रान जास्त.

आगटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण शहरातली मंडळी गॅसवर कणसं भाजून "चव नाही लागत" म्हणतात. जमिनीत वीतभर खोल खड्डा. त्यात शेणकुटं उभी रचून पेटवायची. ज्वाळा असताना कणीस धरलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आरावर पांढरी राख धरली की कणसं तिरपी खोवायची, ताटाचा दांडा बाहेर. दाणे तडतडायला लागले आणि गोडसर वास आला की काढायची. गरम असतानाच तळहातावर चोळायची, सुपात पाखडायची. चोळणाऱ्याच्या हाताची साल निघते, म्हणून जाणत्या माणसाचा हा मान असतो. गार कणसाचा दाणा बोंडातून सुटत नाही.

वाण महत्त्वाचा. मालदांडी भाकरीला उत्तम, हुरड्याला चालते. पण खास हुरड्याचा शाळू म्हणजे गूळभेंडी: दाणा मोठा, रसाळ, बोंडातून पटकन निसटणारा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण दिले आहेत, तेही चांगले.

गोडी कुठून येते? दाणा कोवळा असताना त्यात साखर असते, पक्व होईल तशी तिची पिठूळ चव होते. म्हणून चिकाचा दाणा फार कोवळा, कडक दाणा उशिराचा. मधले आठ-दहा दिवसच खरे. आणि कणीस मोडल्यावर गोडी उतरायला लागते. सकाळी मोडलेली कणसं पिशवीत घालून पुण्याला नेली तर संध्याकाळी तो हुरडा राहत नाही. माणसानं रानात यायचं, हुरडा माणसाकडं जात नसतो.

सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. शेव, रेवड्या आल्या तर पोरांसाठी.

तई आणि पाक (सातारा शहर)

रानात जायच्या आधीचं एक राहिलं! जिलेबी.

आमच्या सासरी हा धंदाच आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सातारा, कराड, सांगली, कुठल्याही गावाच्या चौकात बघा, मंडप टाकून भट्ट्या लागलेल्या असतात. तुमच्या गावात काय होतं ते विचारलंत म्हणून सांगते, वर्षात याच दोन दिवशी सगळं गाव रस्त्यावर शिजलेलं गोड घरी नेतं. झेंडावंदनाहून परतताना हातात जिलेबीचा पुडा नसलेलं घर सापडणार नाही. शाळेची पोरं, पोलीस, सफाई कामगार, साहेब, सगळे एका रांगेत.

ऑगस्टमधली जिलेबी सोपी, पीठ आपोआप येतं. जानेवारीत कस लागतो. मैद्यात थोडं हरभऱ्याचं पीठ, आंबट दही, कोमट पाणी. भिजवलेलं पातेलं भट्टीच्या कडेला पोत्यात गुंडाळून ठेवतो, तरी थंडीत ते सावकाश येतं, म्हणून २५ तारखेला सकाळीच भिजवायचं. वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला पाहिजे. सोडा घालून लवकर फुगवलेलं पीठ तेलात पसरतं आणि वेढा आत पोकळ राहत नाही. पोकळ राहिला तरच आत पाक भरतो.

तई पसरट आणि उथळ हवी. कढई खोल असली की वेढे एकमेकांवर चढतात. जाड फडक्याला भोक पाडून, कडा शिवून पुरचुंडी करतो. पाक एकतारी, कोमट. उकळत्या पाकात टाकली तर मऊ पडते, गार पाकात टाकली तर पाक पीतच नाही. पाकात लिंबू पिळायचं, म्हणजे पाक साखरत नाही. पहाटे तीनला पहिला घाणा निघतो आणि दुपारी बाराला तई थंड होते.

घरी करणाऱ्यांनी सोबत मठ्ठा जरूर करावा. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं.

कराडची सून

सगळ्यांनी छान लिहिलं आहे. मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

रानातल्या जेवणात पुरुष मंडळी भरीत करतात, रस्सा करतात, त्यांचं कौतुकही होतं. ते व्हावंच. पण भाकऱ्या कोण थापतं? पंचवीस माणसं जेवायची म्हणजे पन्नासच्या वर भाकरी. २६ जानेवारीला घरातल्या बायका पहाटेपासून चुलीपुढं असतात आणि झेंडावंदनाला पोचत नाहीत. शिवारफेरींनी लिहिलं की या जेवणात आधी कोण, मागून कोण हा प्रश्न येत नाही. आमच्या वस्तीवर तो येत होता. शेवटची भाकरी भाजणारी शेवटीच जेवत होती.

म्हणून आम्ही मेन्यू बदलला. आता रानात उडदाचं घुटं आणि भात. घुटं आमच्या कराड-पाटण भागाचं, भाताशीच खायचं, भाकरी लागतच नाही. आणि हे मोठ्या पातेल्यात एकाच वेळी होतं.

वीस-बावीस माणसांना एक किलो उडदाची डाळ, सालाची. धुऊन भरपूर पाण्यात चुलीवर चढवायची, अगदी मऊ होईपर्यंत. मग रवीनं घोटायची. हे काम आमच्याकडं पोरांचं, आळीपाळीनं. आलं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि सुकं खोबरं पाट्यावर वाटून घालायचं. हळद आम्ही घालत नाही, रंग मातकटच ठेवतो. घोटताना गरम पाणीच घाला, गार पाणी घातलं की डाळ आणि पाणी वेगळं होतं. शेवटी तेलात लसूण लाल करून वरून ओतायचा. धूर बसलेलं घुटं, इंद्रायणीचा भात, कच्चा कांदा.

ज्याला भाकरी पाहिजे त्यानं स्वतः थापावी असं सरळ सांगितलं. आता दोन दीर आणि एक पुतण्या उत्तम भाकरी करतात.

जतचा पाव्हणा

ताई, घुट्याचं पटलं. पण जत तालुक्यात बाहेर चूल म्हटलं की मटण, हेही लिहा. माडग्याळची मेंढी आमच्याच तालुक्याची. चुलीवर मंद जाळात, कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, वर तवंग आलेला रस्सा आणि बाजरीची भाकरी. २६ जानेवारी सोमवारी किंवा शनिवारी आली तर निम्मं गाव खात नाही, तेव्हा आदल्या दिवशी किंवा पुढच्या रविवारी.

शिवारफेरी (तासगाव)

मटणाला माझी ना नाही. फक्त झेंड्याच्या दिवशी पहिली चूल अशी असावी की वस्तीवरचं कुणीही तिथं ताट घेऊन बसू शकेल. दुसऱ्या चुलीवर रस्सा करा. दोन चुली, दोन पळ्या, जागा एक.

कराडच्या ताईंचं म्हणणं मात्र फार मोलाचं आहे. यंदा आमच्याकडंही भाकरीच्या परातीपुढं आळीपाळी लावतो.

वाळव्याचे काका

मुलांनो, हा दिवस आपल्या भागात १९५० च्याही आधीपासून आहे. लाहोरच्या काँग्रेसनं डिसेंबर १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा पहिला स्वातंत्र्यदिन पाळला गेला. पुढं १९४७ पर्यंत स्वातंत्र्यदिन म्हणजे २६ जानेवारीच. राज्यघटना लागू करायला हीच तारीख निवडली ती म्हणून. आणि २६ जानेवारी १९५० ला 'सांगली जिल्हा' हे नाव नव्हतं, आपण दक्षिण सातारा होतो. नाव १९६० मध्ये बदललं. तेव्हा धाग्यात सातारा आणि सांगली एकत्र घेतलेत ते योग्यच केलंत.

१९४२ च्या सप्टेंबरात तासगावला मोर्चा निघाला, वडूजला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं गेली. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, १९४३ ते १९४६. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र ही सगळी त्या कामाची गावं. भूमिगत मंडळी उसाच्या फडात, ओढ्याच्या कपारीत राहायची. आई सांगायची की त्यांच्यासाठी भाकरी, चटणी, कांदा घरून बांधून न्यायचा, शेण्यांच्या पाटीत खाली लपवून. रानात चूल पेटवायची नाही, धूर दिसला की पोलीस यायचे. स्वातंत्र्यानंतर वडील २६ जानेवारीला मळ्यात मुद्दाम चूल पेटवायचे आणि त्यावर साधं पिठलं करायचे. बाकी काही नाही. आमच्या घरात आजही त्या दिवशी पिठलंच होतं.

माणदेशी शाळू (दहिवडीजवळ)

काका, नमस्कार करतो. तुमच्यासारख्यांनी असं लिहीत राहावं.

यात आमच्या बाजूचं थोडं घालतो. आटपाडी आणि खटावातलं औंध हे औंध संस्थानात. तिथल्या राजानं १९३९ सालीच नवी घटना देऊन कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला, गांधीजींच्या सल्ल्यानं. गणराज्याचा दिवस बांधावर, गावानं मिळून करायचा, याला आमच्या मातीत आधीपासून जागा आहे.

जोबर्गचा मिरजकर

सगळं वाचून भूक लागली. मी बऱ्याच वर्षांपासून जोहान्सबर्गला आहे. इथं २४ सप्टेंबरला हेरिटेज डेची राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवशी सगळा देश अंगणात लाकडं पेटवतो. त्याला ब्राय म्हणतात.

पूर्वी क्वाझुलूत हा दिवस झुलू राजा शाका याच्या स्मरणाचा होता. वर्णभेदी राजवट गेल्यावर, नव्या सरकारनं सुट्ट्यांची यादी नव्यानं केली तेव्हा तो सगळ्या जमातींच्या वारशाचा दिवस झाला. २००५ पासून काही लोकांनी मोहीम चालवली की या दिवशी प्रत्येकानं ब्राय करावं, आणि २००७ मध्ये आर्चबिशप डेझमंड टुटू तिचे आश्रयदाते झाले. डझनभर अधिकृत भाषांच्या या देशात विस्तवावर शिजवणं प्रत्येकाच्या घरी होतं, हाच त्यामागचा विचार. इथं ते सांगून, मोहीम काढून रुजवावं लागलं. आपल्याकडं कुणी न सांगता झालं, हे वाचून अभिमान वाटला.

ब्रायची शिस्त तुमच्या आगटीला जवळची आहे. ज्वाळेवर काही ठेवत नाहीत, लाकडं जळून निखारे झाले की जाळी ठेवायची. बूरवॉर्स नावाचं वेटोळं केलेलं सॉसेज असतं, त्यात कायद्यानं निदान ९० टक्के मांस लागतं आणि मुख्य मसाला आपलेच धने. सोबत पाप, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या रव्याचं घट्ट शिजवलेलं, आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखं. वर चकलाका: टोमॅटो, कांदा, मिरची, घेवड्याचे दाणे यांचं तिखट कालवण. टोमॅटो-कांदा-चीज घालून निखाऱ्यावर भाजलेला पावही असतो.

आम्ही चार मराठी घरं त्या दिवशी निखाऱ्यावर वांगी भाजतो. इथली वांगी मोठी, काळी, पाणी जास्त. भाजल्यावर चाळणीत निथळत ठेवावी लागतात. शेजाऱ्यांना भरीत फार आवडलं, पापबरोबर खातात. २६ जानेवारीला इथं भर उन्हाळा, हुरडा स्वप्नातच.

गडवाट (सातारा)

एक कळकळीची विनंती करायला आलो आहे. २६ जानेवारीला अजिंक्यतारा, सज्जनगड, वसंतगड अशा ठिकाणी झेंडावंदनाला तरुण मंडळी जातात, छान गोष्ट आहे. पण तिथं चूल पेटवू नका. जानेवारीत डोंगराचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा अख्खा डोंगर चाटून जातो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, गवताचं बी, सगळं त्यात जातं. कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे. गडावर शिदोरी बांधून न्या: भाकरी, खर्डा, दही, गूळ. शिजवायचं ते खाली उतरल्यावर, कुणाच्या तरी मळ्यात, विचारून.

शिवारफेरी (तासगाव)

गडवाट, शंभर टक्के. मळ्यातही तेच लक्षात ठेवा. उसाच्या फडाजवळ आगटी नको, वाळलेलं पाचट पेटायला क्षण पुरतो. वारं कुठल्या बाजूचं आहे ते बघून, मोकळ्या नांगरटीत खड्डा काढा. पाण्याच्या दोन घागरी शेजारी भरून ठेवा. उठताना आर पाण्यानं विझवून वर माती ओढा.

गुऱ्हाळ जवळ असेल तर बरंच सोपं होतं. गुळव्याला विचारून चुलवाणाच्या (रस आटवायच्या मोठ्या चुलीच्या) राखेत वांगी, रताळी, ओल्या शेंगा भाजायला टाकता येतात, आणि गूळ व्हायच्या आधीची काकवी वाटीत मिळते. गरम भाकरी आणि काकवी पोरांना जिलेबीहून जास्त आवडते असा माझा अनुभव. सातारच्या ताई रागावतील!

तई आणि पाक (सातारा शहर)

अजिबात नाही. काकवी आमच्याही घरी लागते.

कराडच्या सूनबाईंना विचारायचं होतं, घुट्याला डाळ आधी भाजून घेतली तर चालते का?

कराडची सून

चालते ताई, काही घरांत भाजतात. वास खमंग येतो, चिकटपणा कमी होतो. भाजलेल्या डाळीला पाणी थोडं जास्त लागतं आणि घोटायला जोर जास्त. पहिल्यांदा करणार असाल तर न भाजता करा.

जोबर्गचा मिरजकर

माणदेशी भाऊ, पुढच्या जानेवारीला घरी यायचं ठरतंय. मिरजेजवळ थोडं रान आहे. नेमका २६ तारखेला हुरडा यावा अशी पेरणी कधी करायची? भाऊ म्हणतो शाळू तोवर कडक होऊन जातो.

माणदेशी शाळू (दहिवडीजवळ)

तुमच्या भावाचं खरं आहे. सप्टेंबरात वाफशावर (पावसानंतर जमिनीत पेरणीजोगी ओल असताना) पेरलेला शाळू डिसेंबरच्या अखेरीसच हुरड्यात येतो. हुरड्याचे वाण पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांत तयार होतात. म्हणून २६ जानेवारीसाठी चार-पाच गुंठ्यांचा तुकडा वेगळा ठेवा आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरा. पाण्याची सोय असेल तर एक तुकडा त्यापुढं आठ दिवसांनी पेरा, थंडी जास्त पडली की पीक मागं-पुढं होतं. पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात) असताना आणि दाणा भरताना पाणी चुकवू नका.

दाणा भरायला लागला की पाखरं तुटून पडतात, आणि सगळ्या शिवाराच्या मागून आलेल्या तुकड्यावर तर जास्तच. भावाला सांगा, शेवटचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ राखण पाहिजे. शेणकुटं दिवाळीनंतर लावून ठेवा, ओली शेणकुटं नुसती धुमसतात. बी लागलं तर निरोप द्या, गूळभेंडीचं माझ्याकडं आहे.